“तुझं नाव काळ्या यादीत गेलंय” – असं खरंच असतं का?

पत्र थोडक्यात असं आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या ४६ वर्षांच्या एका ताईंनी लिहिलंय. दोन वर्षांपूर्वी एका छोट्या दिवाळी अंकात त्यांची कथा आली. गावच्या देवळात विधवा बाईला देवीची ओटी भरू देत नाहीत, अशी ती कथा. त्यावरून व्हॉट्सअॅप ग्रुपवर बरंच पेटलं, चारपाच जण घरी आले, चहापाण्यावर मिटलं. पण तेव्हापासून तालुक्याच्या वाचनालयाचं कथाकथनाचं बोलावणं बंद झालं. आता त्याच विषयावर कादंबरी लिहून झालीये, ४१२ पानं, त्यात देवस्थानच्या इनाम जमिनीचा घोळही आहे. तीन प्रकाशकांकडे पाठवली. एकाने फोनवर “विषय जरा नाजूक आहे मॅडम” म्हणून सोडून दिलं, दोघांकडून पाच महिन्यांत एक शब्द नाही. कवयित्री मैत्रीण म्हणते, “तुझं नाव काळ्या यादीत गेलंय, हे सगळे प्रकाशक एकमेकांशी बोलतात.” नवरा म्हणतो दोन प्रकरणं काढून टाक. त्या विचारतात, अशी यादी खरंच असते का, प्रकरणं काढू का, टोपणनाव घेऊ का, की पीएफमधून सव्वा लाख काढून स्वतःच छापू?

ताई,

तुमचं पत्र वाचलं आणि सोबत पाठवलेली दोन प्रकरणंही वाचली, प्रकरणं तर दोनदा. उत्तराला तीन आठवडे लागले त्याबद्दल माफ करा, पण हे घाईत लिहायचं नव्हतं.

आधी सरळ उत्तर देते. सगळ्या प्रकाशकांच्या टेबलावरून फिरणारी, नावं लिहिलेली अशी यादी मराठीत मी कधीच पाहिली नाही, आणि मी अकरा वर्षं एका प्रकाशनाच्या ऑफिसात आलेली हस्तलिखितं वाचायचं काम केलंय, म्हणजे असती तर कधीतरी कानावर आली असती. पण म्हणून मैत्रीण खोटं बोलतेय असंही मी म्हणणार नाही, कारण तिने जे पाहिलंय ते खरंच घडतं, फक्त ते घडायची पद्धत वेगळी असते, आणि ती पद्धत कळली की तुम्ही काय करायचं हेही बरंचसं कळतं.

कसं घडतं ते माझ्याच हातून झालेल्या एका गोष्टीवरून सांगते, ही मी आजवर फारशी कुणाला सांगितलेली नाही. आमच्याकडे मराठवाड्यातून एक कादंबरी आली होती, लेखक नवे, गावातल्या एका जुन्या हाणामारीवर, जातीचा विषय. फुलस्केप कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेले, वर पुठ्ठा आणि नाडी. मी वाचली, आवडली, आणि आमच्या मालकांना तसं सांगितलं. ते काही वाईट माणूस नव्हते हो, पुस्तकांवर जीव होता त्यांचा. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “काही लफडं होईल का?” आणि मी म्हटलं, “होऊ शकतं.” बास. कुणी कुणाला फोन केला नाही, मीटिंग झाली नाही, नाव कुठे लिहिलं गेलं नाही, पण त्या दिवशी ती फाईल वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात गेली, आणि खालच्या कप्प्यातलं कुणी बघत नाही. दोन वर्षांनी ते गृहस्थ स्वतः आले, पावसाळा होता, हस्तलिखित भिजू नये म्हणून खताची रिकामी पिशवी आणली होती. मी रजिस्टर पुढे केलं, त्यांनी “परत मिळाली” लिहून सही केली, का नाकारली हेही विचारलं नाही, आणि गेले. नंतर त्यांचं काही छापून आलेलं मी पाहिलं नाही. त्यांनाही कुणीतरी म्हटलंच असेल ना, की तुमचं नाव काळ्या यादीत आहे म्हणून. यादी नव्हती ताई, माझे दोन शब्द होते.

खरी काळी यादी कशी असते तेही सांगते म्हणजे फरक कळेल. अमेरिकेत १९५० च्या आसपास कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लेखकांना खरोखर वाळीत टाकलं होतं. हॉवर्ड फास्ट हा तेव्हाचा चांगला खपणारा लेखक, संसदेच्या समितीपुढे नावं सांगायला नकार दिला म्हणून तुरुंगात गेला, आणि बाहेर आल्यावर त्याची ‘स्पार्टाकस’ एकही मोठा प्रकाशक घेईना, शेवटी १९५१ मध्ये त्याने ती स्वतःच छापली. त्यावर पुढे १९६० मध्ये सिनेमा आला, त्याची पटकथा डाल्टन ट्रंबोची, तो पण याच यादीतला, आणि तेव्हा इतक्या वर्षांनी त्याचं नाव उघडपणे पडद्यावर लागलं. तिथे मागे सरकार होतं, पोलीस होते, खरीखुरी नावं होती. आपल्याकडे बहुतेक वेळा तसं नसतं. आपल्याकडे भीती असते, आणि ती प्रत्येकाची आपापली असते.

ही भीती उगाच नाही हे पण मला सांगायला हवं, नाहीतर मी प्रकाशकांवर अन्याय करीन. मराठी प्रकाशन म्हणजे बहुतेक ठिकाणी एक घर, दोनतीन माणसं, नव्या लेखकाची पाचशे ते हजार प्रतींची आवृत्ती, त्यातल्या बऱ्याच प्रती वाचनालयांच्या खरेदीवर अवलंबून, आणि ती खरेदी शासनमान्य ग्रंथयादीवर. पुस्तकावर तक्रार झाली की ती मुंबई-पुण्यातच होते असं नाही, पुस्तक जिथे विकलं गेलं त्या कुठल्याही तालुक्याच्या कोर्टात होऊ शकते, आणि मग तारखेला प्रकाशकाला दुकान बंद करून एसटीने जावं लागतं. ५ जानेवारी २००४ ला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेवर जो हल्ला झाला तो एका परदेशी लेखकाच्या पुस्तकावरून झाला, संस्थेने ते पुस्तक छापलेलंही नव्हतं. ते फुटलेलं कपाट आणि फेकलेल्या पोथ्या ज्या प्रकाशकाने पेपरात पाहिल्यात तो “विषय नाजूक आहे” म्हणणारच. त्याला तुम्ही नावाने माहीत असायचीसुद्धा गरज नाही.

आता तुमच्या मनात एक गृहीत आहे त्याकडे येते. तुम्ही धरून चाललाय की एकदा वाद झाला की लेखक संपतो. जरा मागे बघा. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली, अश्लीलतेचा खटला झाला, खालून वर जात जात सुप्रीम कोर्टात १९६९ मध्ये ते निर्दोष सुटले. सात वर्षं म्हणजे काही थोडा त्रास नाही. पण लेखक म्हणून ते संपले नाहीत, त्यांच्या ‘नीलांबरी’वरचा ‘दो रास्ते’ हा हिंदी सिनेमा त्याच १९६९ मध्ये आला. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’वर खटला झाला, ते सुटले, आणि आज त्यांच्याशिवाय मराठी कविता शिकवता येत नाही.

दुसरीकडे आनंद यादव. ‘संतसूर्य तुकाराम’ २००८ मध्ये आली, वारकरी मंडळी चिडली, यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतलं गेलं, तरी निवडून आलेलं संमेलनाध्यक्षपद त्यांना सोडावं लागलं, आणि २००९ चं महाबळेश्वरचं संमेलन अध्यक्षाविना झालं. २०१४ मध्ये पुण्याच्या कोर्टाने त्या पुस्तकाच्या प्रती नष्ट करायचा आदेश दिला. हे मला फार लागलं होतं तेव्हा, कादंबरी कितपत चांगली यावर वाद घाला ना, पण माफी मागूनही माणसाला सोडलं नाही. तुम्ही पत्रात विचारलंय ना की जाहीर माफी मागून टाकू का, म्हणजे प्रकाशकांची दारं उघडतील, तर हे उदाहरण आधी नीट बघा. आणि हेही बघा की त्यांची ‘झोंबी’ आजही दुकानात मिळते. गेलं ते पुस्तक आणि पद. तेही मोठंच नुकसान, पण यादीत टाकणं ते हे नाही.

आणि एक दार बंद झालं की दुसरं उघडतंय असंही खूपदा होतं, सगळ्या बाजूंच्या लेखकांचं. केरळात एस. हरीश यांची ‘मीशा’ ही कादंबरी २०१८ मध्ये साप्ताहिकात क्रमशः येत होती, धमक्या आल्या, त्यांनी ती थांबवली, आणि काही दिवसांतच दुसऱ्या प्रकाशनाने पूर्ण पुस्तक बाजारात आणलं. सुप्रीम कोर्टाने बंदी घालायला नकार दिला आणि तिच्या इंग्रजी अनुवादाला २०२० मध्ये जेसीबी हा साहित्य पुरस्कार मिळाला. त्याच २०२० मध्ये दिल्ली दंगलीवरचं एक पुस्तक, अगदी वेगळ्या राजकीय बाजूचं, ब्लूम्सबरीने ऐनवेळी मागे घेतलं, ते लगेच गरुड प्रकाशनाने घेतलं. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या तुरुंगातल्या आठवणींच्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाला जाहीर झालेला राज्य पुरस्कार सरकारने काढून घेतला, निषेध म्हणून कितीतरी जणांनी समित्यांचे राजीनामे दिले, आणि पुस्तकाचं नाव ज्यांनी कधी ऐकलं नसतं त्यांच्यापर्यंत गेलं.

पण इथे मी थांबते, कारण ही सगळी उदाहरणं सांगून “बघा, काही होत नाही” असं तुम्हाला म्हणणं खोटं ठरेल. ही सगळी पेपरात आलेली नावं आहेत. तमिळ लेखक पेरुमाळ मुरुगन यांनी एका कादंबरीवरून वाद पेटल्यावर जानेवारी २०१५ मध्ये लेखक म्हणून आपण मेलो असं फेसबुकवर लिहिलं, प्रकाशकांना माझी पुस्तकं विकू नका म्हणाले, आणि दीड वर्ष गप्प राहिले. जुलै २०१६ मध्ये मद्रास हायकोर्टाने त्यांना पुन्हा लिहा म्हटलं, ते लिहिते झाले, २०२३ चा जेसीबी पुरस्कारही त्यांना मिळाला. पण त्यांच्यामागे त्यांचा प्रकाशक उभा होता, वाचक होते, वकील होते. खताच्या पिशवीतून हस्तलिखित परत नेणाऱ्या माणसामागे कुणी नव्हतं. वाद झाल्याने जे बुडतात त्यांच्यापेक्षा वाद होईल या भीतीने जे आधीच बुडतात ते जास्त असतात, आणि ताई, तुम्ही सध्या या दुसऱ्या गटाच्या काठावर उभ्या आहात, म्हणून मला तुमची काळजी वाटतेय.

आता जरा न आवडणारं बोलते, मोठ्या बहिणीचं समजा. तीन प्रकाशक आणि पाच महिने हे फार थोडं आहे. वादाचा एक शब्द नसलेल्या कादंबऱ्या वर्ष-वर्ष पडून राहतात. ४१२ पानं, नवं नाव, आजच्या कागदाच्या भावात किंमत सहाशेच्या पुढे जाणार, हे गणित बघूनच कितीतरी जण उत्तर देत नाहीत, आणि “विषय नाजूक आहे” हे कधीकधी “एवढी जाड कादंबरी मला परवडत नाही” याचं सभ्य रूप असतं. शिवाय तुम्ही पाठवलेल्या पहिल्या प्रकरणात गावाचं वर्णन अकरा पानं चाललंय, मी आठव्या पानावर थकले. नवव्यावर प्रकाशक फाईल बंद करू शकतो आणि तुम्हाला वाटेल की देवळामुळे केली. स्वतःला बंडखोर समजण्यात एक धोका असतो, आपल्या लिखाणातलं कच्चं आपल्याला दिसत नाही. तेव्हा आधी ती अकरा पानं चार करा.

बाकी करायचं काय ते सांगते, तुमच्यासारखी पत्रं अजून तिघांची आलीयेत म्हणून जरा सविस्तर.

उत्तर लेखी मागा. त्या दोन प्रकाशकांना साधी ईमेल करा की अमुक तारखेपर्यंत कळवा, नाहीतर नकार समजून मी पुढे जाते, आणि खरंच पुढे जा. आठदहा ठिकाणी पाठवा, एकाच वेळी पाठवताय हे प्रत्येकाला सांगून, त्यात छोट्या गावांतले, चळवळीतून आलेले प्रकाशक जरूर ठेवा, त्यांना भीती कमी नसते पण सवय जास्त असते. पत्रात आपण होऊन “माझ्या कथेवर वाद झाला होता” असं पहिल्याच ओळीत लिहू नका, तुम्ही तसं लिहिलंय हे मला दिसतंय. लपवू नका पण, बोलणं पुढे गेलं की सांगा.

देवस्थानच्या जमिनीचं प्रकरण एखाद्या वकिलाला वाचायला द्या, आणि हे खर्चात धराच. भावना दुखावल्याच्या तक्रारीची तुम्हाला भीती आहे, ते पूर्वीचं २९५ अ कलम, आता भारतीय न्याय संहितेत २९९, त्यात जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलं हे दाखवावं लागतं. मला त्याहून जास्त काळजी बदनामीची वाटते, कारण तुमचा तो अध्यक्ष, त्याची पांढरी जीप, त्याची दोन बोटं नसणं, यावरून तुमच्या तालुक्यात कुणीही माणूस ओळखेल. हे बदला. हे घाबरून कापणं झालं असं समजू नका, हे कादंबरी लिहिणं आहे, खऱ्या माणसाला जशाचं तसं उचलणं हा लेखनातला आळस पण असतो. सातबारा, फेरफार, पेपरची कात्रणं, ज्यावरून हे लिहिलं ते सगळं एका फाईलीत नीट लावून ठेवा. आणि उद्या सरकारने पुस्तक जप्त करायचा आदेश काढलाच, जे फार क्वचित होतं, तर दोन महिन्यांच्या आत हायकोर्टात दाद मागता येते.

नोकरीचं तुम्ही एका ओळीत उरकलंय, मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. झारखंडमध्ये हांसदा सोवेंद्र शेखर हे सरकारी डॉक्टर, त्यांच्या कथासंग्रहावर २०१७ मध्ये बंदी आली आणि नोकरीतून निलंबनही झालं. बंदी काही महिन्यांत उठली, पण पगार थांबणं काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या सेवेचे वर्तणुकीचे नियम काढून वाचा, शिक्षक संघटनेतल्या जाणत्या माणसाला विचारा, परवानगी किंवा कळवणं लागत असेल तर आधीच अर्ज देऊन त्याची पोच घेऊन ठेवा.

करार नीट वाचा. वसंत गुर्जरांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेचा खटला वीस वर्षं चालला, १९९४ मध्ये ती बँक कर्मचाऱ्यांच्या एका अंकात छापली होती. छापणाऱ्याने आधीच माफी मागितली होती म्हणून २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला मोकळं केलं, कवीला मात्र खटल्याला सामोरं जा म्हणून सांगितलं. म्हणजे लेखक आणि प्रकाशक शेवटपर्यंत एकाच होडीत असतीलच असं नाही, हे सही करताना डोक्यात ठेवा. कायदेशीर सगळा खर्च लेखकाचा, असं कलम असेल तर त्याला मर्यादा घालून घ्या. पुस्तक मागे घेतलं तर तीस दिवसांत हक्क परत, आणि उरलेल्या प्रती रद्दीत घालायच्या आधी लेखकाला छपाईच्या भावात द्यायच्या, हे लिहून घ्या. कॉपीराइट कायद्यात एक चांगली सोय आहे, हक्क लिहून दिल्यावर वर्षभरात त्याने ते वापरलेच नाहीत तर ते तुमच्याकडे परत येतात, पण करारात वेगळं लिहिलं नसेल तरच. म्हणून ते “वेगळं” कुठे बारीक अक्षरात आहे का ते शोधा.

टोपणनाव कायद्यापुढे काही वाचवत नाही, आणि तुमच्या गावात तर दुसऱ्या दिवशी कळेल. मनाला बरं वाटत असेल तर घ्या, संरक्षण म्हणून नको.

स्वतः छापण्याबद्दल. र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक शिक्षणाचं मासिक १९२७ पासून मरेपर्यंत म्हणजे १९५३ पर्यंत पदरमोड करून चालवलं, खटले झाले, १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी कोर्टात मांडली. त्यांच्यापुढे हात जोडते, पण तुम्ही लगेच पीएफला हात लावू नका. स्वतः प्रकाशक झालात की लेखकाचं समन्स पण तुम्हाला आणि प्रकाशकाचं पण तुम्हालाच. सगळीकडून लेखी नकार आले तरच तो विचार करा, तोही दोनशे प्रतींचा, मागणीप्रमाणे छापून, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सरकारकडून फुकट मिळतो, त्याचे कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

त्याआधी एक प्रकरण दिवाळी अंकांना पाठवा, त्यांची जुळवाजुळव आषाढातच सुरू होते, तेव्हा जून संपायच्या आत. कुठलं प्रकरण, तर ओटीचं. आजीला गाभाऱ्याच्या दारातून मागे लोटतात, ओटीचे तांदूळ सांडतात, आणि ती खाली बसून एकेक दाणा वेचते, वेचून होईपर्यंत मागची रांग थांबून राहते आणि कुणीच काही बोलत नाही, ती दीड पानं. तुमचे मिस्टर जी दोन प्रकरणं काढायला सांगतायत त्यात हे एक आहे असं तुम्ही लिहिलंय. त्यांची भीती घराची आहे, ती समजून घ्या, त्यांना जवळ बसवून वकिलाने काय सांगितलं ते ऐकवा, जमिनीच्या प्रकरणात हवं ते बदला. तांदळाला हात लावू नका.

पुढचा खर्डा झाला की मला पाठवा, वेळ लागेल पण मी पूर्ण वाचीन, आणि काय वाटलं ते लेखी कळवीन.